रविवार दुपारचा शेवट

४ जून

ती. बाबांना,

नमस्कार. गुडघ्याचं काय म्हणणं आहे? फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे सगळं नीट लिहूनच कळवते.

नावाड्याच्या सिनेमाचा दुसरा भाग आला. तब्बल छत्तीस वर्षांनी. काल दुपारी चष्म्याचं दुकान बंद करून मी आणि हे पहिल्याच खेळाला गेलो. दाराला कुलूप लावताना एक आजोबा आले, म्हणाले, माझा चष्मा आज द्यायचा होता. मी म्हटलं, आजोबा, छत्तीस वर्षं थांबलेय मी, तुम्ही उद्यापर्यंत थांबा.

बाबा, सिनेमा सुरू झाला आणि माझं डोकंच फिरलं. आपला नावाडी कसा होता, आठवतो ना? लेकीला रोज नावेतून पलीकडच्या शाळेत नेणारा. मग ती मोठी होते, शहरात जाते, बापाशी भांडते, वर्षानुवर्षं फिरकत नाही. हा अंथरुणाला खिळतो. आणि शेवटी एका संध्याकाळी पलीकडच्या काठावरून हाक येते, "बाबाऽ". तो उठतो, कंदील लावतो, नावेत चढतो, वल्हं हातात घेतो आणि हसतो. समाप्त. आपण दोघांनी अकरा रविवार तो पाहिला. तुम्ही थिएटरच्या मशीनपाशी आणि मी केबिनमध्ये रिळांच्या रिकाम्या डब्यावर बसून, त्या वीतभर खिडकीतून. त्या हसण्यापाशी मला दर वेळी वाटायचं, आता सगळं ठीक होणार.

आणि आता दुसऱ्या भागात काय, तर पहिल्याच मिनिटाला भिंतीवर नावाड्याचा फोटो. मेला म्हणे. कधी मेला, कसा मेला, एक अक्षर नाही. लेक म्हणते, "त्या दिवशी बाबा माझ्यापर्यंत आले, पण..." आणि गप्प बसते, जसं काही आम्हा सगळ्यांना पुढचं माहीतच आहे. अहो, कुणाला माहीत आहे?

पुढे ती स्वतःच नाव चालवते, नदीवर पूल बांधायचं ठरतं, वगैरे वगैरे. काम चांगलं करते ती बाई. पण माझा राग काही उतरला नाही. आपले तीन प्रश्न मी लावून पाहिले. दुसरा भाग कुणी मागितला होता का? नाही. पहिला न बघता आलेला माणूस बसून राहील का? राहील बापडा. आणि बाहेर पडताना पहिल्या भागाची माया वाढली की कमी झाली? इथे तर पार वाटोळं केलं. दहापैकी दोन गुण. एक नदीला, एक नावेला.

साप्ताहिकातल्या माझ्या शुक्रवारच्या सदरात लिहितेय, "ज्यांना स्वतःचा पहिला सिनेमा आठवत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये." वाक्य कसं आहे? संपादक खूश होतील.

तुमची,
टकळी


८ जून

चि. टकळी,

पोटभर आशीर्वाद. गुडघा बरा आहे. जिने उतरताना बोलतो, चढताना गप्प असतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन गुण फार कमी झाले ग. तूच लिहितेस की ती बाई काम चांगलं करते, मग तिचे गुण कुठे गेले? पुलाचं पुढे काय होतं, तेही लिहिलं नाहीस. दुसरा भाग म्हणजे दुसऱ्यांदा उकळलेला चहा, हे मीच तुला शिकवलं, मान्य. पण थंडीत तोही गोड लागतो. इतकं कडक होऊ नये.

फोटोचं सोडून दे. छत्तीस वर्षांत माणूस जायचाच. त्यावर सदर लिहिण्यासारखं काय आहे? माझं ऐकशील तर या शुक्रवारी दुसऱ्याच एखाद्या सिनेमावर लिही. आणि जुना पुन्हा बघायला बसू नकोस. टीव्हीवर रंग मरतात, हे तुला माहीतच आहे.

तुझी आत्या शेजारी बसली आहे. तुझं पत्र तिलाही वाचून दाखवलं. तेव्हापासून माझ्याकडे टक लावून बघते आहे आणि सुपारी फोडल्यासारखी बोटं मोडते आहे. तिला काही सांगायचं असेल तर ती स्वतः लिहील. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
बाबा


१७ जून

ती. बाबांना,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा सदर छापून झालं होतं. आधी मिळालं असतं तरी मी ऐकलं नसतं, हेही खरं. मला वाटलं, वयाबरोबर बाबा मऊ झाले. सिनेमावाल्यांची कीव येऊ लागली त्यांना.

आता माझीच कीव करा. मंगळवारपर्यंत साप्ताहिकाकडे एकेचाळीस पत्रं आली. सगळ्यांचं म्हणणं एकच. नावाडी पहिल्याच भागात मरतो. हाक ऐकून निघतो, मधल्या पाण्यात छातीत कळ येते, नाव वाहत वाहत लेकीच्या पायाशी लागते आणि आत तो गेलेला असतो. म्हणे लहान पोरालाही ठाऊक आहे. एकाने लिहिलंय, "चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना कुणीतरी चष्मा लावा." ते संपादकांनी टाचणीने कचेरीच्या दारावर लावलंय. येणारा जाणारा वाचतो आणि माझ्याकडे बघून घसा खाकरतो.

संपादक म्हणतात, पहिला भाग न बघताच लिहिलं, असं कबूल करून माफी मागा आणि सदर बंद करा. सव्वीस तारखेच्या आत. तीन वर्षं दर शुक्रवारी लिहितेय मी बाबा. दिवसभर लोकांना "खालची ओळ वाचा, आता वरची वाचा" करते, त्यात ही एकच जागा माझी स्वतःची आहे. आणि न बघता लिहिलं असं मी का म्हणू? अकरा वेळा पाहिलाय. हे म्हणाले, एकदा जुना सिनेमा मिळवून बघून टाकू. मी म्हटलं, माझ्या बापाने स्वतःच्या हाताने चालवलेला सिनेमा तपासून बघायची मला गरज नाही.

मला वाटतं, त्यांनी नंतर शेवट बदलला असणार. नवीन प्रतींमध्ये रडारड घातली असेल. मूळ प्रत तुमच्या हातातून गेली आहे. तेव्हा तुम्ही मला चार ओळी लिहून द्या, की मी, अमुक वर्षं ऑपरेटर होतो, हा सिनेमा मी चालवला आणि तो नावाड्याच्या हसण्यावर संपतो. खाली सही. मी ते तसंच्या तसं छापते, मग बघू कोण कुणाला चष्मा लावतं.

लवकर पाठवा. तुमच्याशिवाय मला साक्षीदार नाही.

टकळी


२१ जून

चि. टकळी,

चार ओळी लिहायला बसलो होतो. कागद घेतला, "मी ऑपरेटर होतो" इथपर्यंत लिहिलंही. तुझी आत्या म्हणाली, "आणखी एक खोटं लिहिणार असशील तर मी पेन लपवते." तेव्हा कागद फाडला आणि हा नवा घेतला.

पोरी, नावाडी मरतो. पहिल्यापासून मरतो. तुला पत्रं लिहिणारे सगळे बरोबर आहेत.

त्या वर्षी तू आठ वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्यात मी छातीचं दुखणं काढून वीस दिवस इस्पितळात पडलो, मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या धुराने. घरी आलो ते तुला आठवतं का? मी दुपारी जरा डोळा मिटला की तू येऊन माझ्या नाकापुढे बोट धरायचीस. श्वास लागला की जायचीस, पुन्हा दहा मिनिटांनी यायचीस. मी जागा असायचो. मुद्दाम जोरजोरात श्वास सोडायचो.

रविवारी आत्या कामावर, शाळेला सुट्टी, म्हणून तुला केबिनमध्ये घेऊन यायचो. आणि नेमका तेव्हा हा सिनेमा लागला. शुक्रवारी पहिल्या खेळाला मी शेवट पाहिला. आजारी बाप, लेकीची हाक, आणि नावेत मेलेला. रविवारी तू डब्यावर बसून हे बघणार होतीस. बाहेर पाठवलं असतं तर तू आणखी घाबरली असतीस, इतकी तू तेव्हा चिकटलेली होतीस मला.

मग शनिवारी रात्रीचा खेळ संपल्यावर मी शेवटचं रीळ काढलं. नावाडी वल्हं हातात घेऊन हसतो, तिथे कात्री चालवली. पुढची चार मिनिटं काढून डब्यात ठेवली आणि हसण्याला थेट "समाप्त"ची पाटी जोडली. जोडापाशी आवाज खाड्कन तुटला असता, म्हणून मी हाताने आवाज हळूहळू उतरवत न्यायचो आणि पडदा ओढायचो. खाली लोक म्हणायचे, काय सुंदर संपवलाय. रविवारी दुपारचा खेळ झाला की ते तुकडे पुन्हा होते तसे जोडायचे, संध्याकाळच्या खेळाला नावाडी मरायचा. पुढच्या शनिवारी परत कात्री. अकरा आठवडे.

मालकाला तिसऱ्या रविवारी कळलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. तो नुसता म्हणाला, "रविवारी दुपारी गर्दी वाढली आहे, काय करतोस ते करत राहा." नदीकाठची एक म्हातारी तर दर रविवारी यायची आणि संध्याकाळी आलेल्या शेजारणीला खोटारडी म्हणायची. न्हाव्याच्या दुकानात एकदा शाळामास्तर अर्धी दाढी तशीच ठेवून उठून गेले, कारण मास्तरांनी संध्याकाळचा पाहिला होता आणि न्हाव्याने दुपारचा. दोघे वर्षभर बोलत नव्हते. मी त्याच न्हाव्याकडे मूग गिळून बसायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे तू मोठी झालीस, तेव्हा सांगायला हवं होतं. पण तू कुणाही पाहुण्याला तो शेवट सांगायचीस आणि तुझा चेहरा असा उजळायचा की माझं तोंड उघडायचं नाही. टीव्हीवर लागला की मी बटण बंद करायचो. रंग मरतात हे खरं आहे, पण मी बटण बंद करायचो ते रंगांसाठी नाही. त्यात तू दुसऱ्या भागांचे गुण देऊ लागलीस आणि त्याच सिनेमाला मापदंड धरलंस. मला वाटलं, इतक्या जुन्या सिनेमाचा दुसरा भाग कोण काढणार?

परक्याच्या सिनेमाला ऑपरेटरने कात्री लावू नये. ते पाप आहे आणि मी ते अकरा वेळा केलं. पण त्याहून मोठं हे, की तू भर बाजारात खोटी ठरलीस ती माझ्यामुळे. आठ तारखेलाच सगळं लिहिलं असतं, तर निदान त्या एकेचाळीस माणसांना तुला लगेच खरं उत्तर देता आलं असतं. तेव्हा धीर झाला नाही.

हे पत्र तसंच्या तसं छाप. खाली सही करतो आहे.

बाबा
(सिनेमा ऑपरेटर, एकतीस वर्षं)


२९ जून

चि. टकळी,

आठ दिवस झाले, तुझं पत्र नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणतो माझ्याकडे लपवायला जागा नाही. सव्वीस तारीख उलटून गेली. सदराचं काय झालं? तू रागावली असशील तर रागावलेय एवढं तरी लिही. एक ओळ चालेल.

आत्या म्हणते, तिला वेळ दे. ती हे दिवसातून चार वेळा म्हणते, त्यावरून तिलाही काळजी लागली आहे.

बाबा


२ जुलै

ती. बाबांना,

रागावले होते. तीन दिवस. आज नाही.

तुमचं पत्र दुकानात आलं. एक बाई नंबर काढायला बसल्या होत्या. मी त्यांना खालची ओळ वाचायला सांगून तुमचं पत्र वाचत बसले. त्यांनी तीच ओळ सहा वेळा वाचली. शेवटी म्हणाल्या, बाई, तुम्हालाच दिसत नाहीये वाटतं.

राग शेवट कापला म्हणून नव्हता. छत्तीस वर्षं तुम्ही मला तो शेवट सांगताना बघत बसलात, माना डोलवत, त्याचा राग होता. किती जणांना मी सांगितला असेन. लग्न ठरताना ह्यांना सांगितला होता. आता विचारलं तर म्हणतात, "मला माहीत होतं नावाडी मरतो. पण तू इतकी खुशीत सांगत होतीस, म्हटलं असेल हिच्या गावात जिवंत." म्हणजे घरात मी एकटीच. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला चांगलं सांभाळून घेतलंत.

मग मी जुना सिनेमा मिळवला आणि आम्ही दोघं बघायला बसलो. हसण्यापाशी पोचलो, तशी मी उशी घट्ट धरली. चव्वेचाळीस वर्षांची बाई. आणि मग ती चार मिनिटं पाहिली. बाबा, फार चांगली आहेत ती. लेक पाण्यात उतरून नाव ओढून घेते, त्याच्या हातातलं वल्हं सोडवते आणि त्याच्याच जागी बसते. मी पोटभर रडले. पण आठव्या वर्षी हे पाहिलं असतं, तर मी तुमच्या नाकापुढचं बोट कधीच काढलं नसतं. ते श्वास जोरजोरात का यायचे, हेही मला आत्ता कळलं. मी समजायचे तुम्ही घोरता.

दुसऱ्या दिवशी दुसरा भाग पुन्हा पाहिला. सगळा बदलला. पहिल्या मिनिटाला तिच्या हातात वल्हं का आहे, ते कळलं. "पण..." म्हणून ती का थांबते, तेही. पुलाचं विचारलं होतंत ना? पूल होतो. ती शेवटची फेरी मारते, रिकामीच, आणि मधल्या पाण्यात थोडी थांबते. एवढंच. आठ गुण. सहा मी तिचे खाऊन बसले होते.

तुमचं पत्र छापलं. अर्धंच, तुमच्या दुखण्याचं आणि नाकापुढच्या बोटाचं आपल्याकडेच ठेवलं. खाली मी लिहिलं, "मी पहिला भाग अकरा वेळा पाहिला, हे खरं आहे. तो पूर्ण पाहिला नव्हता, हेही खरं आहे. पहिल्याशी ताडून बघायचं तर कुणाचा पहिला, ते आधी विचारायला हवं, हे मी विसरले. दुसऱ्या भागाची आणि तुमची माफी. गुण आठ."

संपादकांनी वाचलं, चष्मा पुसला आणि दारावरचं पत्र काढलं. म्हणाले, पुढच्या शुक्रवारचं काय आहे? सदर चालू आहे. आणि कालच्या टपालात एका म्हाताऱ्या न्हाव्याचं पत्र आलंय. लिहितो, "मी सांगत होतो. आता मास्तर हवे होते."

तुमच्या कात्रीलाही गुण द्यायला बसले होते. जमलं नाही. त्या सिनेमाचा दुसरा भाग अजून चालू आहे आणि त्यातला बाप अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, गुडघ्याची तक्रार करतो आणि पत्राची वाट बघत पोस्टमनला छळतो. संपल्याशिवाय मी गुण देत नाही.

शनिवारी, आठ तारखेला, संध्याकाळी पाचला येते. चार दिवस राहीन. खालून हाक मारली तर तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून गॅलरीत बसा.

तुमची,
टकळी


५ जुलै

चि. टकळी,

पत्र मिळालं. आत्याने मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग तिने पुन्हा वाचलं. आम्ही दोघं आज जेवलो बऱ्यापैकी.

एक सांगायचं राहिलं होतं. फिल्मचा जोड घालताना दर वेळी एखादी फ्रेम कापली जाते, ती परत लावता येत नाही. अकरा आठवड्यांत हसण्यापाशीच्या बऱ्याच फ्रेम माझ्याकडे उरल्या. प्रत परत गेली तेव्हा त्या मी पाठवल्या नाहीत. तपकिरीच्या डबीत ठेवल्या आहेत. रंग बरे टिकलेत. एक या पत्रासोबत पाठवतो आहे, तुमच्या दुकानातल्या दिव्यापुढे धरून बघ. बाकीच्या तू आल्यावर.

शनिवारी चारपासून गॅलरीत बसतो. आत्या म्हणते पाचला येणाऱ्या माणसासाठी चारला कशाला, पण तिला काय कळतंय. जिन्याची तिसरी पायरी हलते, जपून ये.

आणि मला ऐकू येणार नाही, हे खरं. तरी तू हाक मार.

तुझा,
बाबा